गोव्याच्या हॉटेलातला दुपारचा बुफे आणि तिथलं पारंपरिक जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्याला निघालेली मंडळी मला नेमाने प्रश्न पाठवतात. हॉटेलात दुपारी ‘गोवन हेरिटेज लंच’ची पाटी असते, पंचवीस-तीस भांडी मांडलेली असतात आणि त्यातलं काय घ्यायचं ते कळत नाही. माझं माहेर फोंड्याचं, लग्नानंतर घर मडगावात. त्यामुळे हिंदू घरांतलं खतखतं आणि ख्रिस्ती घरांतला विंदालू या दोन्हींशी माझी जवळची ओळख आहे. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

‘हेरिटेज’ पदार्थ म्हणजे नक्की कोणते? पाटीवर तर सगळ्यालाच गोवन लिहिलेलं असतं.

गोव्यातल्या घरांत पिढ्यान् पिढ्या ठरावीक सणाला, ठरावीक हंगामात किंवा रोजच्या जेवणात होत आलेलं, ते पारंपरिक. खतखतं, हुमण, तोंडाक, शाकुती, सोरपोतेल, आंबट-तीख, मणगणं, दोदोल ही त्यातली ठळक नावं; कशात काय असतं ते पुढच्या उत्तरांत येईलच. पाटीवर ‘गोवन’ असूनही घरात न सापडणारे पदार्थ म्हणजे क्रीम घातलेली ‘गोवन प्रॉन करी’, चीज घातलेला काफ्रियाल, पनीर शाकुती. ते वाईट असतात असं नाही, पण तुम्ही ज्यासाठी आलात ते हे नाही. मिठायांत सेराडुरा सगळीकडे दिसतो. क्रीम, कंडेन्स्ड मिल्क आणि बिस्किटांचा चुरा यांचा हा पदार्थ पोर्तुगाल-मकाऊकडचा आहे. चव छान असते, पण गोव्याच्या घरातलं गोड हवं असेल तर त्याच टेबलावर दोदोल किंवा बेबिंक शोधा.

गोव्यात दोन तऱ्हेचं जेवण असतं म्हणतात. बुफेत ते ओळखायचं कसं?

आंबटपणा कशाचा आहे ते बघा, म्हणजे बरंचसं उलगडतं. हिंदू घरांत आंबटपणा सोलांचा (म्हणजे आमसुलांचा), चिंचेचा, कैरीचा किंवा बिंबलीचा असतो. ख्रिस्ती घरांत यातलं सगळं असतंच, शिवाय माडाच्या सुरेपासून केलेलं व्हिनेगर असतं. विंदालू, सोरपोतेल, बालशांव, रेशाद मसाला यांचा जीव त्या व्हिनेगरमध्ये आहे.

पोर्तुगीज १५१० मध्ये आले आणि १९६१ पर्यंत राहिले. तिसवाडी, बारदेश, सासष्टी हा भाग सोळाव्या शतकातच त्यांच्याकडे गेला. फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी, काणकोण वगैरे भाग अठराव्या शतकात त्यांच्याकडे गेला. म्हणून सासष्टीच्या आणि फोंड्याच्या स्वयंपाकात आजही फरक जाणवतो. मात्र नारळ दोन्हीकडे तितकाच, आणि मिरची, काजू, बटाटा, पेरू, अननस ही त्या जहाजांबरोबर आलेली पिकंही दोन्ही घरांनी सारखीच आपलीशी केली. काणकोणच्या खोला गावच्या लाल मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, आणि तिचा रंग हुमणात दिसतो तसाच रेशादातही.

पहिल्यांदाच जातोय. तीस भांड्यांपुढे उभं राहिल्यावर सुरुवात कशापासून करू?

ताट उचलू नका. आधी रिकाम्या हाताने एक फेरी मारा आणि झाकणं उघडून बघा. बुफेची मांडणी स्वयंपाकघराच्या सोयीने केलेली असते: सूप, सॅलड, मग भाज्या, मग मांसाहार, भात टोकाला, पाव दुसऱ्याच टेबलावर. आपल्या जेवणात मात्र प्रत्येक पदार्थाला जोडीदार असतो, आणि बुफेत ही जोडी तुटते. लोक शाकुती जिऱ्याच्या पुलावाबरोबर घेतात, हुमण नानबरोबर खातात आणि मला कळवतात, ‘एवढं काही विशेष नव्हतं.’ जोडी पुन्हा जुळवून दिली की तोच पदार्थ वेगळा लागतो.

मी तीन छोटी ताटं करते. पहिल्यात हिंदू पद्धतीचं जेवण: थोडा उकड्या तांदळाचा भात, हुमण किंवा खतखतं, तळलेल्या माशाचा एक तुकडा, किसमूर. दुसऱ्या ताटात पाव किंवा सान्नां आणि त्यांच्याबरोबर शाकुती, काफ्रियाल किंवा विंदालू यांतलं एकच काहीतरी. तिसऱ्यात गोड. मध्ये वाटीभर सोलकढी. एका जेवणात पाच-सहा पदार्थ झाले तरी पुष्कळ. आठाच्या वर गेलात की जिभेवर फक्त नारळ आणि मिरची उरते आणि कशाचीच चव आठवत नाही.

कशाबरोबर काय खायचं, ते एकदा नीट सांगाल का?

हुमण म्हणजे नारळ-मिरची-धणे वाटून केलेली माशाची आमटी. ती भाताबरोबरच खायची. गोव्यात शीत-कडी (भात-आमटी) म्हटलं की जेवण आलं. भात शक्यतो उकड्या तांदळाचा घ्यावा. जाडसर, थोडा तांबूस दाणा असतो, तो आमटी धरून ठेवतो. बासमतीवरून हुमण ओघळून ताटाच्या कडेला जातं. भांड्यावर पाटी नसेल तर विचारा. बऱ्याच हॉटेलांत उकडा भात केलेला असतो, पण पाहुणे घेत नाहीत म्हणून आत ठेवतात.

किसमूर भाताशेजारी चिमूटभर घ्यायचं. सुकी सुंगटं म्हणजे सुकट भाजून, त्यात ओला नारळ, कांदा, सोलं आणि मिरची चुरडून ते करतात. हुमणाचा घास, मग किसमुराची बोटभर चव. घरी आई ते जेवायला बसताना आयत्या वेळी कालवायची, कारण अर्ध्या तासात सुकटीचा कुरकुरीतपणा जातो. बुफेत ते ओलसर झालेलं दिसलं तर सोडून द्या.

तोंडाक, म्हणजे आळसांदे (चवळीचा प्रकार) किंवा वाटाणे भाजलेल्या नारळाच्या वाटणात, हे पावाबरोबर. शाकुतीही पावाबरोबर. सोरपोतेलची जोडी सान्नांशी. सान्नां इडलीसारखी दिसतात, पण पीठ पारंपरिक पद्धतीने माडाच्या सुरेवर फुगवतात, म्हणून जराशी गोडूस आणि मऊ असतात. कालदीन ही नारळाच्या रसातली सौम्य पिवळी आमटी भातावर घ्यावी.

पावातही निवड करा. पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येतो. त्याच्याकडे उंडो, कात्रे पाव, बांगडीच्या आकाराचं कांकण आणि पोळी असते. ही पोळी आपल्या चपातीहून अगदी वेगळी: कोंडा लावलेली, आतून पोकळ, गोल. टोपलीत ती दिसली तर आधी तीच उचला. रसदार शाकुती तिच्या पोटात भरून खाल्ली तर चमचा लागत नाही.

हुमण खाल्लं आणि जीभ बधिर झाली. काही बिघडलं होतं का?

नाही, ते तिरफळ. त्रिफळा चूर्णाशी त्याचा संबंध नाही. काळपट, फुटलेल्या टपोऱ्या मिऱ्यासारखं दिसतं. आतली बी काढून टाकतात, साल ठेवतात, जरासं ठेचून आमटीत शेवटी घालतात. बांगडा, तारली अशा तेलकट माशांना ते हवंच, आणि खतखत्यातही असतं. ते चावायचं नसतं. आमटीत फक्त त्याचा वास उतरायला हवा. ताटात आलं तर कडेला काढून ठेवा. चावलंच तर जिभेला मुंग्या येतात आणि पाच-दहा मिनिटांत जातात. लहान मुलांच्या ताटातून आधीच वेचून काढा. ज्या हुमणात तिरफळ दिसतं, ते करणाऱ्याला घरची रीत माहीत आहे असं मी धरून चालते.

विंदालूत बटाटा नसतो का? मला वाटलं नावात ‘आलू’ आहे.

नसतो. नाव पोर्तुगीज ‘विन्या द आल्युश’वरून आलं. त्यातला ‘आल्युश’ म्हणजे लसूण. मूळ पदार्थात मांस वाइन आणि लसणीत मुरवत. गोव्यात वाइनच्या जागी माडाचं व्हिनेगर आलं आणि भरपूर लाल मिरची आली. अस्सल विंदालू डुकराच्या मांसाचा, आंबट-तिखट, दाट आणि बटाट्याशिवाय असतो. बटाटे दिसले तर तो परदेशातल्या करी हाउसच्या वळणाचा समजा.

शाकुती आणि काफ्रियाल, दोन्ही चिकनच. मग फरक काय?

रंगावरूनच कळेल. काफ्रियाल हिरवा: कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं-लसूण, लिंबू किंवा व्हिनेगर. नारळ नाही, रस फारसा नाही. पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून तो इथे आला. शाकुती गडद तपकिरी असते. त्यात भाजलेला नारळ, खसखस, बदामफूल, जायफळ, धणे, मिरी असतात आणि सगळं वेगवेगळं भाजून वाटलेलं असतं. मराठीत ‘शागोती’ म्हणतो तीच. बुफेत काफ्रियाल लवकर सुकतो, म्हणून तो भांडं नुकतं भरलेलं असताना घ्या. शाकुती तासभर गरम राहिली तरी तिचं काही बिघडत नाही.

आम्ही शुद्ध शाकाहारी. आमच्यासाठी काही असतं का, की डाळ-पनीरच?

भरपूर असतं, फक्त मागावं लागतं. गोव्यात शाकाहाराला ‘शिवराक’ म्हणतात. वाढणाऱ्यांना ‘शिवराक कितें आसा?’ असं विचारा. चेहरा खुलतो, आणि उत्तरही मनापासून मिळतं.

पहिली पसंती खतखत्याला. पाच तरी भाज्या, बहुतेकदा त्याहून जास्त: सुरण, रताळं, मुळा, शेवग्याच्या शेंगा, कच्ची केळी, लाल भोपळा, मक्याची कणसं. त्यात तूरडाळ, नारळाचं वाटण, सोलं, गूळ, तिरफळ. कांदा-लसूण नाही. चतुर्थीला आमच्या घरी मोठ्या टोपात होतं आणि दुसऱ्या दिवशी गरम करून खाल्लं की जास्त चांगलं लागतं. चमच्याने ढवळताना भाज्यांचे तुकडे अख्खे दिसले पाहिजेत. गाळ झाला असेल तर ते जास्त शिजलंय.

त्याखेरीज मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची आमटी), आळसांद्याचं तोंडाक, उन्हाळ्यात ओल्या काजूची भाजी, पिकलेल्या आंब्यांचं नारळ-मोहरीच्या वाटणातलं सासव.

आता सावध राहायच्या जागा. एखाद्या भाजीत सुकी सुंगटं घातलेली असू शकतात, आणि ती बारीक असल्याने लक्षात येत नाहीत. ‘अरोझ’ या पुलावात बहुतेकदा चिकनचा रस किंवा चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज, असतं. ‘फेजोआदा’ राजम्यासारखी दिसते, पण तिच्यात डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं. आणि वरचं किसमूर तर मासळीचंच. पाटीवरच्या हिरव्या खुणेवर थांबू नका, शेफला बोलावून विचारा. गोडाबद्दल पुढचा प्रश्न बघा.

बेबिंकात अंडं असतं का? आणि ते खायचं कसं?

असतं, तेही भरपूर. अंड्यांचे पिवळे बलक, नारळाचा घट्ट रस, साखर, मैदा, तूप आणि जायफळ. परंपरेने सात थर, काही घरांत सोळा. एक थर ओतायचा, झाकणावर सोडणांचे (नारळाच्या सालींचे) निखारे ठेवून वरून भाजायचा, वर तूप, मग पुढचा थर. घाई केली की थर एकमेकांत मिसळतात. सात थरांना अर्धा दिवस जातो. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

हॉटेलात ते फ्रिजमधून काढून आइस्क्रीमबरोबर देतात. थंड असताना तूप गोठलेलं असतं आणि तुकडा रबरासारखा लागतो. किंचित गरम करून द्यायला सांगा. मग काट्याने एक-एक थर वरून सोलून खा, कडेला भाजलेल्या साखरेचा वास येतो.

अंडं चालत नसेल तर दोदोल घ्या: तांदळाचं पीठ, माडाचा गूळ, नारळाचा रस. किंवा मणगणं. चणाडाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस यांचं हे नैवेद्याचं गोड. मला विचाराल तर बुफेतल्या गोडांत मणगण्याला तोड नाही, आणि तेच भांडं सगळ्यात भरलेलं उरतं याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

डुकराचं किंवा गाईचं मांस खात नाही. काय टाळू?

सोरपोतेल, विंदालू, चोरीस, फेजोआदा हे परंपरेने डुकराच्या मांसाचे. क्रोकेट, बीफ चिली, जिभेचं रोस्ट यांत गोमांस किंवा म्हशीचं मांस असू शकतं. चिकन विंदालूसारखे प्रकार हॉटेलं करतात. ते खायला हरकत नाही, फक्त पळी शेजारच्या भांड्यातली नाही ना ते बघा. अरोझबद्दल शाकाहाराच्या उत्तरात लिहिलंच आहे. धार्मिक कारणाने काटेकोर पाळत असाल तर आदल्या दिवशी फोन करून वेगळं वाढायला सांगा. हॉटेलं ते करतात.

बुफेत मासे नेहमी बिनकाट्याचे आणि पांचट का असतात?

पाहुण्यांना काटे नकोत म्हणून हॉटेलं बासा किंवा फार तर विसवण (सुरमई) घेतात. पण हुमणाची खरी चव बांगडा, तारली, मुडदुशे अशा काट्यांच्या माशांत असते. ज्यांना काट्यांची भीती वाटते त्यांनी मोरीचं आंबट-तीख, म्हणजे आंबट-तिखट आमटी, घ्यावं. मोरी म्हणजे छोटा शार्क, त्यात बारीक काटे नसतात, मधलं कुर्चेचं हाड तेवढं बाजूला काढलं की झालं. तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकंही बिनकाट्याचं.

तळलेला मासा भांड्यातला घेऊ नका. झाकणाखाली वाफ धरून त्याचा रवा ओला होतो. समोर तवा असेल तर तिथे उभं राहून रेशाद भरलेला बांगडा भाजून घ्या. पाच-सहा मिनिटं थांबावं लागतं, पण कुरकुरीत कातडी आणि आत व्हिनेगर-मिरचीचा लाल मसाला, यासाठी मी कितीही थांबायला तयार असते.

पावसाळ्यात जाणार आहोत. मासे नसतील ना?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या समुद्रातल्या मासेमारीला बंदी असते. माशांच्या विणीचा काळ असतो, समुद्रही खवळलेला असतो. या दिवसांत बुफेतला बराच मासा गोठवलेला किंवा बाहेरून आलेला. खाडीतला, नदीतला थोडा मिळतो.

पण पावसाळ्याचं म्हणून वेगळं जेवण आहे. गोव्यात मे महिन्यात ‘पुरुमेंत’ भरतात: सुके बांगडे, सुकी सुंगटं, चोरीस, सोलं, मिरच्या, लोणची. घरं पुढचे तीन महिने त्यावर चालतात. तेव्हा समारची कडी (मसाल्याची आमटी), किसमूर, चोरीस-पाव मागा. रानातल्या वारुळांवर उगवणारी अळंबी पावसात थोडेच दिवस येतात आणि फार महाग असतात. ती बुफेत ठेवली असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती घ्या. टायकिळ्याची भाजी, कोवळे बांबूचे कोंब हेही याच दिवसांतलं. ऑगस्टमध्ये गेलात तर हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या मिळतील. आपल्याकडे त्या नागपंचमीला होतात, ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टच्या मारियेच्या सणाला.

आम्ही मालवणचे. हे सगळं आमच्याकडचंच वाटतं. वेगळं काय खाऊ?

तुमचं बरोबर आहे. पेडणे एकेकाळी सावंतवाडीकरांकडे होतं, सोयरीक आजही इकडून तिकडे होते. तिरफळ, सोलं, सुकट सगळं सामायिक. म्हणून तुम्ही हुमण-सोलकढीत पोट भरू नका. व्हिनेगरचे पदार्थ घ्या, सान्नां घ्या, पोळी घ्या, कालदीन घ्या. आणि सुंगटांचं बालशांव, म्हणजे कोळंबीचं आंबट-तिखट लोणचं, भाताशेजारी चमचाभर.

दीड-दोनला गेलं तर शिळं मिळतं का? आणि ‘कालचं सोरपोतेल’ खावं का?

दोन प्रश्न, दोन वेगळी उत्तरं. बुफे सुरू होतो त्याच्या पहिल्या पाऊण तासात गेलेलं उत्तम. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर राहायला हवेत. झाकण उघडल्यावर वाफ आली नाही, खालची बत्ती विझलेली असली, तर नारळाची आणि माशाची भांडी सोडा. नारळाचं वाटण लवकर आंबतं. एका हॉटेलात मी कोमट कालदीन घेतलं होतं, पहिल्याच घासाला ते फाटल्यासारखं लागलं. वाढणाऱ्या मुलाला सांगितलं, त्याने लगेच भांडं उचललं. सांगायला संकोच करू नका.

सोरपोतेलची गोष्ट वेगळी. ते आधी करून ठेवायचंच असतं. बारीक चिरलेलं मांस आणि काळीज व्हिनेगरमध्ये मुरतं आणि तिसऱ्या दिवशी चव लागते. लग्नघरी ते दोन-तीन दिवस आधी करून रोज उकळी देतात. म्हणून शेफ ‘परवाचं आहे’ म्हणाला तर ते त्याचं कौतुक समजा. अट एकच, वाढताना ते कढत हवं.

मुलांना आणि तिखट न खाणाऱ्यांना काय द्यावं?

कालदीन, उकडा भात, पोळी, मणगणं, दोदोल. काफ्रियाल दिसतो सौम्य, पण हिरव्या मिरचीने भाजतो. आधी स्वतः चाखा. कोळंबी-शिंपल्यांची किंवा काजूची अ‍ॅलर्जी असेल तर पहिल्या फेरीच्या आधीच शेफला सांगा, कारण मणगण्यात, भाज्यांत, मिठायांत काजू सर्रास असतो.

फेणी जेवणाबरोबर घ्यावी का?

काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फेणी काजूची असते तशी माडाचीही. काजूच्या बोंडांच्या रसाचं पहिलं, हलकं ऊर्ध्वपातन म्हणजे उर्राक. ते उन्हाळ्यातच मिळतं. मला फेणी जेवणाआधी थोडी घेतलेली बरी वाटते. तिचा वास इतका दांडगा की हुमणाचा सुगंध तिच्यापुढे टिकत नाही. न पिणाऱ्यांसाठी सोलकढी आहेच.

बिलात सेवाशुल्क लावलं. ते द्यावंच लागतं का?

नाही. २०२२ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते आपोआप बिलात लावता येत नाही. २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या सूचना उचलून धरल्या. शांतपणे काढायला सांगा. जीएसटी मात्र द्यावाच लागतो: साध्या रेस्टॉरंटात ५ टक्के, आणि ज्या हॉटेलांत खोलीचं भाडं दिवसाला ७५०० रुपयांच्या वर असतं तिथे साधारणपणे १८ टक्के. पाटीवरचा दर करासह की कराशिवाय ते बसण्याआधी विचारा.

उरलेलं बांधून नेता येतं?

बुफेत सहसा नाही. म्हणूनच छोटं ताट घ्या. बेबिंक आणि दोदोल आवडलं तर बाजारातून घ्या. मडगाव, म्हापसा, पणजी तिन्हीकडे बेकऱ्या आणि बाजार आहेत, आणि दोन्ही पदार्थ प्रवासात टिकतात.

बुफेपेक्षा साध्या खानावळीत जेवलेलं बरं नाही का?

ताजा बांगडा आणि गरम शीत-कडी हवी असेल तर खानावळच बरी. पण तिथे एका वेळी एकच जेवण मिळतं. खतखतं, सोरपोतेल, तोंडाक, मणगणं आणि बेबिंक एका दुपारी चाखायचं असेल तर एकेका घराचं आमंत्रण लागेल, किंवा मन लावून केलेला बुफे. दोन दिवस असतील तर पहिल्या दिवशी बुफेत जा आणि आवडलेल्या पदार्थाचं नाव लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराच्या आत एखादी खानावळ गाठून तोच पदार्थ मागा. एक वाजल्यानंतर बांगडे संपतात.